काल जरा वाकडं झालं

कवडू वाढयाशी माझी ओळख झाली ती तो माझी माफी मागत असताना.

गावात मी आदल्याच संध्याकाळी पोचलो होतो. शिक्षकाची पहिलीच नेमणूक. पोंभुर्ण्यापासून बैलगाडीनं हाडं खिळखिळी करून घेत आलो, शाळेला लागून असलेल्या खोलीत वळकटी टाकली आणि आडवा झालो. सकाळी दार उघडलं तर कुंपणाबाहेर एक उंच, काटकुळा माणूस उभा. कानावर पेन्सिल, खांद्याला हत्यारांची गोणपाटाची पिशवी, डोळे लाल. मला बघताच त्यानं हात जोडले.

"माफी द्या जी, गुरुजी. काल जरा वाकडं झालं."

"काय वाकडं झालं?"

"रातच्यानं तुमच्या दारापुढे उभा राहून राम राम करत होतो म्हन्ते. तुमी नवे मानूस. झोपमोड झाली असन."

मी गाढ झोपलो होतो, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तसं सांगितलं तरी त्याचं समाधान होईना. आत या म्हटलं तर आत येईना, आणि जाईनाही. "काई काम असन तं सांगा," एवढंच म्हणत राहिला. काहीतरी सांगायचं म्हणून मी दाराकडे बोट केलं. कडी बसत नव्हती, दार फुगलं होतं. त्यानं दार उतरवलं, उन्हात आडवं घातलं आणि रंधा मारायला बसला. मी दिलेला चहा घेतला नाही. काम होईपर्यंत पाणीसुद्धा प्यायला नाही. दार परत चढवून, दोनदा उघडझाप करून पाहिल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. मी पैसे पुढे केले तर मागे सरकला.

"नोको जी. आता कसं बरं वाटते," म्हणाला आणि गेला.

मला वाटलं, काय भला माणूस. भला होताच तो. पण त्या सकाळी मी जे पाहिलं ते काय होतं, हे समजायला मला वर्ष लागलं.

ही गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. तेव्हा जिल्ह्याला चांदा म्हणायचे आणि गडचिरोली चांद्यातच मोडायचं. आमचं गाव अंधारी नदीच्या काठी, धानाच्या बांध्यांच्या आणि सागाच्या मधे. तिकडे सुताराला वाढई म्हणतात. कवडू हा गावातला एकच वाढई. त्याचं घर माझ्या खोलीच्या मागे, मधे फक्त तुराट्यांचं कुंपण. घरात तो आणि त्याची बायको भागरताबाई. मुलगी होती, ती लग्न होऊन नदीपलीकडे गेली होती.

कवडूभाऊ रोज संध्याकाळी मोहाची दारू प्यायचा. थोडी नाही, पडेपर्यंत. पण त्या गावानं दारू पिणारे जे इतर पाहिले होते त्यांच्यासारखा तो नव्हता. दारू चढली की तो अतिशय नम्र व्हायचा. दिसेल त्या दाराला राम राम घालायचा. रस्त्यातल्या गुरांना वाट द्यायचा. शाळेतली मुलं समोरून येताना दिसली तर शेतातून लांबचा वळसा घेऊन जायचा, म्हणजे त्यांनी आपल्याला अशा अवस्थेत पाहू नये. शिवी त्याच्या तोंडून कुणी ऐकली नाही. बायकोवर हात उगारल्याचं तर नाहीच नाही.

"मारत नाई, तेच वाईट झालं," भागरताबाई मला एकदा कुंपणावरून म्हणाली होती. "मारलं असतं तं भावाकडे निंगून गेली असती. चार लोकायनं त्याले दटावलं असतं. हा पेते, निजते, सकाळी उठून माह्या पायाशी बसते. आता का म्हनाव अशा मानसाले?"

ती बारीक, सावळी, झपझप चालणारी बाई होती. बोलताना हात थांबत नसत तिचे. कधी टोपलं विणायची, कधी मोहाची फुलं निवडायची. नवऱ्याविषयी बोलताना मात्र ती हातातलं काम खाली ठेवायची.

दारूला कवडूभाऊचा शब्द 'वाकडं'. प्यायलो असं तो म्हणत नसे. काल जरा वाकडं झालं, परवा लई वाकडं झालं. वाकडं झाल्याच्या सकाळी त्याला कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकवत नसे. ज्याला त्रास दिला असं त्याला वाटे, त्याच्या अंगणाबाहेर तो जाऊन उभा राही आणि काम मागे. काम मोठं असो की छोटं, ते संपवल्याशिवाय अन्न घेत नसे. मोबदला घेत नसे. त्या गावातले कितीतरी नांगर, वखर, पाळणे, पाट, दारं, खिडक्या अशाच सकाळी झाल्या होत्या. भागरताबाईचं पोट चाले ते तिच्या टोपल्यांवर आणि रोवणी-कापणीच्या मजुरीवर.

माझ्या शाळेत मुलं जमिनीवर बसायची. पावसाळ्यात ओल यायची, पोरं उकिडवी बसून लिहायची. शाळा समितीचे प्रमुख होते नारायण पाटील. वाडवडिलांपासूनचा मोठा कारभार, हसरा चेहरा, मधाळ बोलणं, गावात कुणाच्या अडीनडीला धावणारा माणूस. मी त्यांच्याकडे बाकांची गोष्ट काढली. ते म्हणाले, "होऊन जाईन, गुरुजी. लाकूड माह्याकडून." आणि खरंच आठवड्याभरात बाकं झाली. रोज सकाळी कवडूभाऊ लाल डोळ्यांनी शाळेमागे येऊन कामाला लागायचा आणि दिवस मावळेपर्यंत मान वर करायचा नाही. सागाची बाकं, गुळगुळीत, एकही कड मुलांना लागणार नाही अशी घासलेली. मी खूश झालो. मुलांकडून त्याच्यासाठी टाळ्यासुद्धा वाजवून घेतल्या. तो टाळ्या ऐकून इतका कावराबावरा झाला की हत्यारं तिथेच टाकून निघून गेला.

त्या दिवशी भागरताबाई कुंपणाशी आली. "गुरुजी, टाळ्या काऊन वाजवल्या?"

"एवढं काम केलं त्यांनी."

"केलं. आठ दिस रोज संध्याकाळी पाटलाचा गडी येऊन त्याले घेऊन जात होता. पाटील स्वतः वाटी भरून देत होते. सकाळी हा लाजेनं मरे अन् बाकं करे. हे एकल्या पाटलाचं नाई जी. सारं गाव तसंच करते. वखराचं पास बसवाचं असलं का आदल्या संध्याकाळी वाढयाले बलावते. पोरीचं लगीन असलं का बलावते. काम आलं का पाजा, सकाळी मागायची गरज नाई."

मग मला माझ्या दाराची कडी आठवली, पाटलांच्या ओसरीतला त्यानंच केलेला झोपाळा आठवला, आणि गावातल्या बायका जावई जेवायला यायच्या आधी नव्या पाटाचं जे कौतुक करायच्या तेही. पहिल्या दिवशी मी ज्याला भलेपणा समजलो ती त्याची लाज होती आणि गाव ती लाज वापरत होतं. कुणी वाईट मनानं करत होतं असं नाही. तो तसाही पिणारच, मग आपल्या घरी पिऊन आपलं काम झालं तर काय बिघडलं, इतका साधा विचार.

एक माणूस मात्र याला अपवाद होता, आणि तो दारू गाळणारा होता. गावाच्या टोकाला जंगलाला लागून गोंडांची घरं होती, त्यातला चिन्नू मडावी. धान करायचा, तेंदूपान आणि मोहफूल वेचायचा. त्याच्या घरची दारू पहिली त्यांच्या देवाला चढायची, मग सगळे मिळून घ्यायचे. कवडूभाऊ बहुतेक वेळा त्याच्याकडूनच आणायचा.

एका पौषात कडाक्याची थंडी पडली. सकाळी भागरताबाई कुंपणाशी उभी राहून म्हणाली, तो घरी आला नाही. आम्ही शोधायला निघालो. चिन्नूला तो नदीकाठी लाकडं चिरायच्या खड्ड्याजवळ सापडला. रात्रभर दवात पडून होता, तोंडाशी ओकारी सुकलेली. अंग तापानं जळत होतं आणि श्वास घेताना छातीतून घरघर येत होती. चिन्नूनं त्याला पाठीवर घेतलं. बैलगाडीनं मूल गाव, तिथून रेल्वेनं चांदा, असा आम्ही त्याला मोठ्या दवाखान्यात नेला. सुया सुरू झाल्या. बरेच दिवस तो तिथे होता. भागरताबाई त्याच्या खाटेखाली झोपायची.

सोडायच्या दिवशी मी गेलो. डॉक्टर तरुण होते, तुटक बोलायचे. त्यांनी आम्हा तिघांना समोर उभं केलं.

"थंडी गावात सगळ्यांना होती. निमोनिया यालाच का झाला?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "रोज इतकी पिणाऱ्याच्या फुफ्फुसात लढायची ताकद राहत नाही. आत आलेली घाण खोकून बाहेर काढणं जमत नाही. धुंदीत ओकारी झाली तर ती पोटातून सरळ छातीत उतरते आणि याला कळतही नाही. या वेळी औषध लागू पडलं. पुन्हा प्यायला लागला आणि पुन्हा ताप आला, साधा ताप, जो दुसऱ्या माणसाला चार दिवसांत सोडून जातो, तोसुद्धा याच्या छातीत उतरेल. दोन्ही फुफ्फुसं भरतील. पाण्यात बुडणाऱ्या माणसासारखं होईल, बाईसाहेब, कोरड्या खाटेवर. मग माझ्याकडे करण्यासारखं काही नाही."

बाहेर आल्यावर कवडूभाऊ मला म्हणाला, "डॉक्टरले लई तरास देल्ला मी. त्यायच्या खुर्चीचा पाय हालते, पायलं का?"

दारू सुटली. सहज नाही. दवाखान्यातच पहिले काही दिवस त्याचे हात इतके कापत की भागरताबाई त्याला घास भरवायची. अंगावर मुंग्या चढताहेत म्हणून तो किंचाळे. मग हळूहळू हात थांबले. मी चिन्नूला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं होतं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मंग माह्या घरची त्याले थेंबभर भेटणार नाई. देवाची आन." आणि त्यानं ते पाळलं. कवडूभाऊ एकदा संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन बसला तर चिन्नूनं त्याला आंबील दिली, पोटभर, आणि घरापर्यंत सोडून गेला.

ते काही महिने मला त्या माणसाचे सगळ्यात चांगले आठवतात. त्याच्या गालावर मांस आलं. तो गाणं म्हणत काम करू लागला. गाणं म्हणजे दंडारीतल्या, तिकडच्या लोकनाट्यातल्या ओळी, त्याही अर्ध्याच, पुढचं येत नसे तिथे रंधा जोरात मारायचा. काम घेऊन आलेल्या माणसाला आता तो सांगायचा, "दोन दिसानं या जी, आधी बकारामचा नांगर हाये." आणि कामाचं धान मागून घ्यायचा. महाशिवरात्रीला तो भागरताबाईला मार्कंड्याच्या जत्रेला घेऊन गेला. परत आल्यावर ती मला सांगत होती. वैनगंगेत आंघोळ केली, देऊळ पाहिलं, रेवड्या घेतल्या. मग म्हणाली, "दिवसभर माह्या बाजूले बसून होता, गुरुजी. संध्याकाळीबी." हे सांगताना तिच्या हातात अर्धं टोपलं होतं, आणि तिनं ते खाली ठेवलं नव्हतं.

एका संध्याकाळी आम्ही दोघं कुंपणाशी बसलो होतो. मी त्याला विचारलं, "कवडूभाऊ, एवढं का पीत होता?"

तो लाकडाची ढलपी बोटात फिरवू लागला.

"सारे हेच पुसते. कारन सांगाले असतं तं बरं झालं असतं जी. माह्यं लेकरू मेलं नाई. कोनी माह्यं काई लुबाडलं नाई. बायको अशी. संध्याकाळ झाली का मले कसंतरी व्हायचं, पेलो का बरं वाटे. सकाळी लाज वाटे. लाज घालवाले काम करो. काम झालं का लाज जाये, अन् मंग संध्याकाळ होये."

"लोक मुद्दाम पाजत होते. कळत होतं तुम्हाला?"

"मले कळत नसन का?" तो हसला. "पन पेत तं मीच होतो ना. त्यायनं काई माह्यं तोंड फाडून ओतली नाई. त्यायले बोल लावला तं माह्यापाशी का राहिलं?"

मला तेव्हा हे मोठं वाटलं होतं. आता वाटतं, सगळा दोष एकट्यानं उचलायची ती सवयच त्याला खात होती. आम्हा बाकीच्यांची त्यात फार सोय होती.

गावाला मात्र हा नवा कवडू पचेना. कुणी उघड बोललं नाही. पण पारावर मी ऐकायचो. वाढई आता लई भाव खाते. वाढयाले आता बलावाव कसं, धान पायजे त्याले. पहिले कसा हाक मारली का येत होता. एकानं तर माझ्यासमोर म्हटलं, "दवाखान्यातून आला तवापासून मानूस बिघडला." आणि कुणी हसलं नाही, कारण म्हणणाऱ्याला ते खरंच वाटत होतं.

मग वैशाख आला. त्या महिन्यात शेतकऱ्याला सगळंच एकदम हवं असतं. नांगर, वखर, जू, गाडीचं चाक, आणि त्यातच लग्नं. शाळेला सुट्टी होती. मला आईवडील नव्हते, जायला ठिकाण नव्हतं, म्हणून सुट्टीत मी गावातच राहायचो. नारायण पाटलांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. तिला द्यायला सागाची कोरीव पेटी हवी होती. पाटलांनी निरोप पाठवला. कवडूभाऊनं सांगितलं की नांगर आधी, पेटी त्यानंतर, लग्नाच्या आत होईल.

होईल म्हणाला होता. झालीही असती.

पण पाटलांना त्या आधी हवी होती. पाहुणे यायला लागले होते, त्यांना पेटी दाखवायची होती. त्यांनी एका संध्याकाळी कवडूभाऊला लग्नघरी बोलावलं, पेटीची नक्षी ठरवायला म्हणून. पुढे काय झालं ते मला तिथे असलेल्या एका पाहुण्यानंच कौतुकानं सांगितलं. पाटील म्हणाले, "लग्नघर हाये, कवडू, नाई म्हनू नोको." हा म्हणाला, "नोको जी, डॉक्टरनं मना केलं." ते म्हणाले, "डॉक्टरनं रोजची मना केली असन. एका दिसाचं का होते?" आजूबाजूचे पाहुणे हसत होते. हा हात जोडून उभा. "पोरीच्या नावानं," पाटील म्हणाले. त्यांची ती पोर लहानपणी याच्याच हातच्या पाळण्यात झोपली होती. त्यानं घेतली.

सकाळी तो पाटलांच्या अंगणाबाहेर उभा होता. मी नदीवरून येताना पाहिला. तसाच उभा, पूर्वीसारखा. पेटी दोन दिवसांत झाली. फार सुरेख झाली, सगळ्या पाहुण्यांनी हात फिरवून पाहिली.

एकदा पाटलांच्या दारात त्यानं घेतली म्हटल्यावर बाकीची दारं उघडली. रोज कुठलं ना कुठलं घर. चिन्नूनं देणं बंद केलं होतं, पण दारू गाळणारी घरं आणखीही होती, आणि आता गावातले जमीनजुमल्याचे लोक तिथून आणून वाढयाला देत होते.

मी पाटलांकडे गेलो. डॉक्टरांचं बोलणं शब्द न शब्द सांगितलं. ते खाटेवर बसून सुपारी कातरत होते. रागावले नाहीत.

"कोनी जबरदस्ती केली का त्याले?"

"जबरदस्ती नाही. पण तो नाही म्हणू शकत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"हे पाहा, गुरुजी," ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या शाळेची बाकं कशी झाली, मालूम हाये ना तुमाले?"

मला मालूम होतं. नंतर कळलं होतं, पण मालूम होतं, आणि मुलं रोज त्यावर बसत होती. मी उठून आलो.

लग्नाच्या पाहुण्यांबरोबर आली म्हणतात, पण त्या उन्हाळ्यात तापाची साथ सगळीकडेच होती. अंग मोडून यायचं, डोकं ठणकायचं, खोकला. घराघरात माणसं पांघरूण घेऊन पडली. मीही पडलो. चिन्नूचं सगळं घर पडलं. पाटलांची म्हातारी आई पडली, तिचं आता काही खरं नाही असं सगळे म्हणत होते, ती आठवड्यानं उठून अंगणात तांदूळ निवडत बसली. भागरताबाई उठली. मी उठलो. एकूण एक माणूस उठला.

कवडूभाऊला ताप आला तेव्हा तो बकाराम शेतकऱ्याच्या नांगराला हळस, म्हणजे लांब दांडी, बसवत होता. तापातच काम पुरं केलं. संध्याकाळी कुणीतरी काढ्यासारखी म्हणून दारूची वाटी दिली, तीही घेतली. भागरताबाई स्वतः तापात पडलेली होती, तिला अडवता आलं नाही. एका सकाळी तिनं मला हाक मारली, कुंपणावरून नाही, माझ्या दारात येऊन.

तो भिंतीला टेकून बसला होता. पाय पसरलेले, दोन्ही तळहात जमिनीवर रोवलेले. प्रत्येक श्वासाला खांदे कानापर्यंत वर चढत होते. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. कपाळावर घाम. आडवा केला की तो हातांनी आम्हाला बाजूला सारायचा आणि पुन्हा उठून बसायचा. छातीत पाण्याची बुडबुड ऐकू येत होती, मला, दारात उभं राहून. खोकला आला की लालसर फेस यायचा.

"डॉक्टरनं सांगतलं होतं तसंच," भागरताबाई हळूच म्हणाली. तिला ते शब्द पाठ होते.

मी बैलगाडी बघायला बाहेर पडलो तर नारायण पाटील समोरून येत होते. त्यांना आधीच कळलं होतं. घरात आले, कवडूभाऊकडे पाहिलं, आणि डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेऊन ओसरीवर बसून राहिले. मी त्यांना असं बोडक्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "माही जोडी धावती हाये. मीच हाकतो. दुपारच्या गाडीआधी मूलले पोचवतो." पेरणीचे दिवस तोंडावर होते, गडी होते, कुणालाही पाठवता आलं असतं. त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. बैल स्वतः जुंपले.

पुढचं आधीच सांगून टाकतो. मूलच्या स्टेशनवर, रेल्वे यायच्या आत, कवडूभाऊ गेला. पाटील आणि भागरताबाई त्याला त्याच गाडीतून परत घेऊन आले. डॉक्टरांनी कोरड्या खाटेवर म्हटलं होतं, तेवढीही खाट त्याला मिळाली नाही.

दिवसकार्य झालं. बायका भागरताबाईकडे येऊन रडायच्या, येताना शेर-अच्छेर तांदूळ आणायच्या. एक दिवस ती ओसरीवर उभी राहून त्यांना म्हणाली, "त्यानं तुमाले कधी बोल लावला नाई. मीबी लावत नाई. पन माह्या दारात येऊन रडू नोका." तांदूळ तिनं घेतले नाहीत. त्या पावसाळ्याच्या आधी पाटील शिडी लावून तिच्या घरावर चढले आणि कवेलू, म्हणजे कौलं, फेरू लागले. ती त्यांना उतरायला सांगेल म्हणून खाली माणसं थांबली होती. भागरताबाई मुलीकडे नदीपार निघून गेली, आणि पाटील रिकाम्या घराचे कवेलू संध्याकाळपर्यंत फेरत राहिले.

गावात नंतर कवडूचं नाव कुणी काढत नसे. वाढयाची गरज पडली की पोंभुर्ण्याहून माणूस आणायचे. मीही पुढल्या वर्षी बदली मागून घेतली.

त्या सकाळी गाडी निघाली तेव्हा ऊन चढत होतं. पाटलांनी आत भाताचा पेंढा अंथरून वर बांबूच्या चटईचं छप्पर बांधलं होतं, आजाऱ्याला ऊन लागू नये म्हणून. कवडूभाऊला आम्ही उचलून आत बसवलं. त्याला आडवं होता येत नव्हतं, म्हणून भागरताबाई त्याच्या पाठीला पाठ लावून बसली. गाडी हलली आणि तो काहीतरी म्हणाला. श्वासाला शब्द पुरत नव्हता. पाटलांनी बैल थांबवून कान पुढे केला.

"छप्पर काढा," तो म्हणत होता. "वारा येऊ द्या."

कामाचं धान सोडलं तर कुणाकडे त्यानं स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं ते तेवढंच. पाटलांनी खाली उतरून दोऱ्या सोडल्या आणि चटई रस्त्याच्या कडेला टाकून दिली. वारा कुठेच नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. तरी त्यानं मान मागे टाकून तोंड उघडं केलं.

गाडी नदीच्या वाळूत उतरली. चाकं रुतली, तेव्हा पाटील जुवाखाली खांदा लावून बैलांबरोबर ओढू लागले. भागरताबाई उठून उभी राहिली होती. एका हातानं तिनं गाडीची खुंटी धरली होती आणि दुसऱ्या हातानं लुगड्याचा पदर ताणून त्याच्या डोक्यावर सावली धरली होती. गाडी हिंदकळली की ती कोलमडायची, पुन्हा सावरायची, पदर पुन्हा धरायची. मी काठावर उभा होतो. पलीकडच्या चढावर गाडी लागली तेव्हा त्याचा चेहरा दिसेनासा झाला होता. पदराखाली त्याचे खांदे तेवढे दिसत होते, वर जाताना, खाली येताना, आणि पुन्हा वर जाताना.